गुलमर्गला स्कीइंग : बर्फाचा अंदाज वाचायचा कसा? पाच अॅप, पाच उत्तरं

धुऱ्यावरचा · रविवार, रात्री ९:१२

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, हसायचं नाही. आम्ही चार मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं म्हणतो आहोत. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. आजवर बर्फ पाहिला तो रसवंतीवाल्याच्या पेटीतला, भुशात गुंडाळलेला. तूर निघाली, कपाशीची फरदड यंदा घेतली नाही, हरभरा घाट्यावर आहे. मधात आठ-दहा दिवस सापडतात.

रोज रात्री जेवण झालं की मोबाइलवर गुलमर्गचं हवामान पाहून रायलो आणि रोज डोकं जास्तच फिरून रायलं. एक अॅप म्हणते ४२ सेंटिमीटर बर्फ. दुसरं म्हणते ६ मिलिमीटर. तिसऱ्यात ढगाचं चित्र, खाली चांदण्या आणि ६० टक्के. चौथ्यात दुपारचं तापमान उणे ८, पाचव्यात त्याच दुपारचं अधिक १. हवामान खात्याच्या पत्रकात ‘काही ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस किंवा हिमवृष्टी’.

याच्यातलं खरं कोणतं धरायचं? नागपूर-दिल्ली-श्रीनगर विमानाचं तिकीट काढायचं आहे. गेलो अन् बर्फच नसला तर पारावर वर्षभर आमचाच विषय चालेल. घरी तर अजून ‘काश्मीर दर्शन’ एवढंच सांगितलं आहे.

बोंडअळी · रविवार, रात्री ९:३१

तेवढ्या पैशात ठिबक येते भाऊ. आणि घसरायचीच हौस असेल तर जुलैत आमच्या पांदणीनं बूट घालून चालून दाखवा. फी घेणार नाही.

वरुडचा_संत्रा · रविवार, रात्री १०:०५

मी दोनदा जाऊन आलो. पहिली खेप वाया गेली, ती आधी सांगतो म्हणजे बाकीचं पटेल.

२०२४ चा जानेवारी. संत्र्याचा पैसा हातात होता, हॉटेलवाल्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो पाहून निघालो. पायथ्याच्या टंगमर्गहून वर चढताना देवदाराखाली पांढरं काही दिसेना. वाटलं वर असेल. वर गुलमर्गच्या मैदानात पिवळं वाळलेलं गवत, आपल्याकडच्या एप्रिलमधल्या पडीक रानासारखं. घोडेवाले निखाऱ्याची कांगडी पोटाशी धरून बसलेले. फोटो मागच्या वर्षाचे होते. त्या जानेवारीत जवळपास सगळं काश्मीर कोरडं गेलं, बर्फ पडला तो महिना सरताना. तोवर आम्ही वरुडला परत येऊन पाणी देऊन बागेचा ताण तोडत होतो. पुढच्या वर्षी, २०२५ ला, गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या. बर्फ पुरेसा नाही म्हणून त्या मार्चवर गेल्या. सरकारच्या तारखा चुकतात तिथं आपल्या कुठल्या.

म्हणून पहिली गोष्ट : महिनाभर आधी तिकीट काढताना अॅप पाहूच नका. तीन दिवसांपर्यंतचा अंदाज धरून चालता येतो, पाच-सात दिवसांचा फक्त कल सांगतो, दहाव्या-पंधराव्या दिवसाचा सेंटिमीटर म्हणजे मनोरंजन. तिकीट काढायचं हंगाम पाहून, आणि तारीख बदलता येईल असं, दोन पैसे जास्त गेले तरी. मी असतो तर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला असता. तोवर खाली थर बसलेला असण्याची शक्यता जास्त.

आता तुमचे ४२ आणि ६. मिलिमीटर आहे ते पाण्याचं, म्हणजे बर्फ वितळवला तर किती पाणी होईल ते. सेंटिमीटर आहे ते बर्फाच्या जाडीचं. ढोबळ हिशोब, १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर ताजा बर्फ. पण बर्फाचं कापसासारखं आहे. कडक थंडीत पडला तर पिंजल्यासारखा फुलतो, १ मिलिमीटरचा दीड-दोन सेंटिमीटर होतो. शून्याच्या आसपास पडला तर गठाणीतल्यासारखा दबलेला, अर्धा सेंटिमीटर जेमतेम. पाणी तेवढंच. म्हणजे तुमचे ६ मिलिमीटर धरा सहा ते दहा सेंटिमीटर. ४२ कुठून आले ते बघा : किती उंचीवरचे, किती तासांचे की दिवसांचे, आणि कोणत्या मॉडेलचे, म्हणजे अंदाज काढणाऱ्या संगणकी हिशोबाचे. अॅप वेगळं असलं तरी आत मॉडेल बहुतेक दोन-तीनच असतात, युरोपियन नाहीतर अमेरिकन. पाच अॅप म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत.

धुऱ्यावरचा · रविवार, रात्री १०:२२

आता चष्मा लावून पाहिलं. ४२ च्या खाली बारीक अक्षरात ‘शिखर’ लिहिलेलं आहे आणि ‘पुढील ७ दिवस’. मी गुरुवार एका दिवसाचे समजलो होतो. लय धन्यवाद भाऊ.

पण ते उणे ८ आणि अधिक १ चं काय?

मास्तरीणबाई · सोमवार, सकाळी ६:५०

पुसदला नववीला भूगोल शिकवते, त्यामुळे हे माझ्या वाट्याचं.

परतवाड्याहून हिवाळ्यात चिखलदऱ्याला गेला असाल. खाली शर्टावर बरं वाटतं, घाट संपेपर्यंत गाडीतले सगळे स्वेटर शोधायला लागतात. परतवाडा चारशे मीटरच्या आत-बाहेर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. तेवढ्या सातशे मीटरमध्येच साडेचार अंश गेले.

आता गुलमर्ग घ्या. गाव साधारण २६५० मीटरवर. गंडोला म्हणजे तिथला रोपवे, त्याचा पहिला टप्पा कोंगडोरीला, ३१०० च्या जवळपास. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३९५० च्या आसपास. पायथा ते माथा तेराशे मीटर, म्हणजे साडेआठ अंशांचा फरक. तुमच्या दोन अॅपमध्ये भांडण नाही, एक गावातलं तापमान सांगतंय, दुसरं माथ्यावरचं.

याहून कामाचा आकडा वेगळाच आहे, आणि तो लोक पाहत नाहीत. ‘फ्रीझिंग लेव्हल’ म्हणून लिहिलेलं असतं, म्हणजे हवेत शून्य अंश ज्या उंचीवर आहे ती. बर्फ पडता पडता थोडा खाली येईपर्यंत टिकतो, म्हणून पाऊस आणि बर्फाची सीमा त्याच्या दोन-तीनशे मीटर खाली धरायची. फ्रीझिंग लेव्हल ३००० असेल तर सीमा २७०० ते २८००, म्हणजे गुलमर्ग गावात पाऊस आणि कोंगडोरीला बर्फ. तुम्ही शिकणार गावातल्या उतारावर, आणि अॅपवर माथ्याचा बर्फ पाहून खूश. फ्रीझिंग लेव्हल २४०० च्या खाली दिसली तर मात्र टंगमर्गपर्यंत पांढरं होण्याची आशा.

अजून एक. मॉडेल जमीन चौकोनांत कापून हिशोब करतं. युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकन जीएफएसचा १३ चा. आपल्या हवामान खात्यानं मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू केली, ती ६ किलोमीटरवर काम करते. दर्यापूर तालुक्यात नऊ किलोमीटरचा चौकोन काढला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट काळी जमीन. तोच चौकोन गुलमर्गवर ठेवा, त्यात टंगमर्गचे सफरचंदाचे मळे पण आले आणि अफरवटचा कडा पण आला. मॉडेल त्यांची सरासरी करून एकच डोंगर समजतं. म्हणून जी साइट पायथा, मध्य आणि माथा असे तीन वेगळे आकडे देते तीच उघडा.

बोंडअळी · सोमवार, सकाळी ८:१४

मॅडम, एवढा खटाटोप कायले? पावसाचं भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणी आहे ना आपली. मधात चार ढेकळं चार महिन्यांच्या पावसाची ठेवतात, त्याच्या बाजूले एक बर्फाचा खडा ठेवा म्हणावं.

मास्तरीणबाई · सोमवार, दुपारी १:३०

बुलढाणा जिल्हा, अक्षय्य तृतीया आणि बर्फाचा खडा! सकाळी भाकीत पाहायला जाल तर दरवर्षी एकच निघेल.

ओलिताखाली · सोमवार, रात्री ८:४०

मी कृषी सल्ल्याच्या पत्रकांचं काम करते. मंगळवारी आणि शुक्रवारी तुमच्या ग्रुपवर जे येतं, ‘विदर्भात तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता’, तेच. लोक आम्हाला शिव्या घालतात की आमच्या शेतात पडला नाही. पण या शब्दांना मापं आहेत, आणि ती गुलमर्गच्या पत्रकातही तीच आहेत, कारण खातं एकच.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. ‘अनेक ठिकाणी’ ५१ ते ७५. त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’ किंवा सर्वदूर. हा पसारा झाला. ‘हलका’, ‘मध्यम’, ‘जोरदार’ हे प्रमाण. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून जोरदार. धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या पत्रकात ‘काही ठिकाणी हलका ते मध्यम’ होतं ना? मग काश्मीरच्या निम्म्या केंद्रांवर काहीच पडलं नाही तरी तो अंदाज बरोबरच ठरतो. ‘बहुतांश ठिकाणी मध्यम, उंच भागांत एक-दोन ठिकाणी जोरदार हिमवृष्टी’ असं वाचाल तेव्हा बॅग भरा.

रंगांचं पण सांगते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. स्कीइंगवाल्यांना वाटतं नारंगी आला म्हणजे चांदी. तो रंग रस्ता, वीज, विमान बंद पडण्याच्या धोक्यासाठी दिलेला असतो. तुमचं स्कीइंग कसं होईल ते त्यात नाही.

आणि पेरणीचं उदाहरण देते, तुम्हाला लगेच कळेल. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं आम्ही दर जूनला सांगतो, आणि दर जूनला कोणीतरी पहिल्या सरीवर पेरतं. बर्फाचंही तसंच. अॅपवर दोन वेगळे आकडे असतात, ‘नवा बर्फ’ आणि ‘एकूण थर’. थर म्हणजे ओल. खाली थर नसेल तर वीस सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे धूळपेरणी, स्की आतल्या दगडाला घासणार. थर चांगला असेल तर आठवडाभर काही नाही पडलं तरी शिकणाऱ्यांचं काम भागतं.

रोज ठरलेल्या एकाच वेळी बघा आणि वहीत लिहा. सकाळी एक, रात्री एक असं पाहिलं की नुसता जीव वरखाली होतो. आकडा रोज उड्या मारत असेल तर मॉडेललाच नक्की नाही. तीन दिवस जागेवर बसला, की विश्वास ठेवा.

रिटायर_फौजी · सोमवार, रात्री ११:१८

पोरांनो, मी उत्तर काश्मीरमधे नव्वदच्या दशकात तीन हिवाळे काढले. आता आर्वीजवळ शेती करतो. झोप येत नाही म्हणून वाचत होतो, चांगलं चाललंय.

तुमच्या अॅपमधे ढग दिसतात ते येतात कुठून, ते समजून घ्या. पश्चिमी प्रक्षोभ म्हणतात त्याले. भूमध्य समुद्राकडून, कॅस्पियनकडून वाऱ्याच्या वरच्या पट्ट्यासोबत वाहत येते, इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाले धडकते. हिवाळ्यात महिन्याले पाच-सहा येतात, सगळे जोरदार नसतात. नकाशावर तो दिसायले लागला की काश्मीरले पोचायले दोन-चार दिवस लागतात. म्हणून तीन-चार दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी जुळते. तो निघून गेला की उत्तरेचा गार वारा मोकळा सुटते, तोच खाली आपल्याकडे येते. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूर ३.५ अंशावर गेलतं, आठवते का? आमच्या गोठ्यात त्या आठवड्यात रात्रभर शेकोटी होती.

काश्मिरी माणूस चिल्ले मोजते, म्हणजे थंडीचे टप्पे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ले कलान, मग वीस दिवस चिल्ले खुर्द, मग दहा दिवस चिल्ले बच्चा. चिल्ले कलानमधला बर्फ टिकते, नंतरचा लवकर पाणी होते, असं तिथले म्हातारे सांगत. वरुडवाल्यानं सांगितलेला दुसरा आठवडा खुर्दमधे येते, वाईट नाही.

आमच्या पोस्टमागे रंगवलेली काठी रोवलेली होती, तिच्यावर एकूण थर दिसे. बाजूले लाकडाची पाटी. सकाळी सहाले पाटीवरचा बर्फ मोजायचा, पाटी झटकायची, वर ठेवून द्यायची. काठी म्हणे पाच फूट, पाटी म्हणे चार इंच. नव्या पोराले दोन्ही सारखंच वाटे, मग सुबेदार साहेबाच्या शिव्या. ओलिताखालीवाली पोरगी म्हणते ते दोन आकडे हेच.

आता वाऱ्याचं, ते कोणी बोललं नाही. अंदाजात वाऱ्याचा वेग बघा, तोही माथ्याचा. वारा जोरात असला की गंडोला बंद, मग बर्फ कितीही पडो. उणे १० असताना ३० किलोमीटरचा वारा असला की अंगाले उणे २० लागते. आणि वारा नुसता गार नसते, तो बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूले टाकते. एका बाजूले खडक उघडा, दुसऱ्या बाजूले माणूस गडप होईल एवढा ढीग. हिमस्खलन अशाच ढिगातून सुटते. ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यात घातकी. बर्फ थांबून लख्ख ऊन पडलं की माणसाले मोह होते, हद्दीच्या दोरीबाहेरचा कोरा उतार दिसते, आणि तेच पहिले एक-दोन दिवस सगळ्यात खराब असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गलेच एक रशियन स्कीवाला असाच गेला. हिमस्खलनाचा इशारा वेगळा निघते, डीआरडीओची चंदीगडची संस्था काढते, १ ते ५ आकड्यात. तीन दिसला म्हणजे ‘मधलाच आहे’ समजू नका, लोक सगळ्यात जास्त तिथंच फसतात. तुम्ही शिकाऊ, तुमचं काम मैदानातल्या उतारावर. दोरी ओलांडायची नाही, गाईड कितीही म्हणो.

पऱ्हाटी · मंगळवार, सकाळी ७:२५

काकाजी, उत्तराखंडातलं औली किंवा मनालीजवळचं सोलांग स्वस्त पडत नाही का? तिथंही हेच गणित लागेल?

वरुडचा_संत्रा · मंगळवार, सकाळी ९:०२

लागेल, फक्त उंची बदलून. औली २५०० ते ३०५० मीटर, सोलांग २५०० च्या आसपास. वर जायला तेवढी जागा नाही, म्हणून फ्रीझिंग लेव्हल जरा चढली की तिथं पावसाचं भ्या जास्त. औलीला जोशीमठचा रोपवे आहे असं जुन्या ब्लॉगवर वाचाल, तो २०२३ च्या जानेवारीत जमीन खचली तेव्हा बंद झाला. रस्त्यानं जायचं धरूनच हिशोब करा.

धुऱ्यावरचा · पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ९:४५

तारीख बदलता येईल असं तिकीट काढलं. श्रीनगरला उतरायचं बुधवारी दुपारी. ताईंनी सांगितलं तसं पोराच्या रफ वहीच्या मागच्या पानावर रोज रात्री नऊला लिहितो. मंगळवार रात्र ते बुधवार संध्याकाळ, गुलमर्ग गावाच्या उंचीचा नवा बर्फ, सेंटिमीटरमध्ये :

सोमवारी पाहिलं तेव्हा युरोपियन १८, अमेरिकन ४०.
मंगळवारी २२ आणि ९.
बुधवारी २५ आणि २७.
गुरुवारी २६ आणि ३०.
आज २६ आणि २९.

फ्रीझिंग लेव्हल बुधवारी १९०० च्या आसपास. माथ्यावर वारा ५५. खात्याच्या पत्रकात आजपासून ‘बहुतांश ठिकाणी’ आलं आणि रंग पिवळ्याचा नारंगी झाला. एकूण थर आधीच ९० दाखवतोय. मले तर वाटते जमलं!

वरुडचा_संत्रा · शुक्रवार, रात्री १०:१०

बर्फ जमला, तुमची तारीख नाही जमली. बुधवारी दुपारी, ऐन बर्फात श्रीनगरला उतरणार? धावपट्टीवर बर्फ आणि दिसत नाही म्हणून विमानं रद्द होतात, दिल्लीलाच रात्र काढाल. आणि उतरलात तरी टंगमर्गला पोलीस गाडी थांबवतील. चाकाला साखळ्या नसल्या आणि गाडी फोर बाय फोरही नसली तर वरचे तेरा किलोमीटर सोडत नाहीत.

सोमवारी जा. मंगळवारी दिवसा वर पोचून खोलीत बसा. बुधवारी चहा प्या आणि खिडकीतून बघा. शिकायचं गुरुवारपासून. आणि परतीच्या आधी एक दिवस श्रीनगरला मोकळा ठेवा.

धुऱ्यावरचा · शुक्रवार, रात्री १०:५१

बदललं. माणशी अकराशे रुपये गेले. एक मित्र म्हणून रायला, अकराशे रुपयांत युरियाच्या चार गोण्या येतात. त्याले म्हटलं तू मोजत बस.

धुऱ्यावरचा · त्यापुढचा शुक्रवार, सकाळी ११:२०, गुलमर्गहून

नेट आत्ता लागलं. सविस्तर लिहितो.

मंगळवारी दुपारी वर आलो. टंगमर्गला साखळ्या बसवायला ड्रायव्हरनं पंधरा मिनिटं घेतली. आभाळ राखेच्या रंगाचं, वारा नाही. रात्री दहाला सुरू झालं. आवाजच नाही! आपल्याकडे पाऊस आला की टिनावर आधी कळतं, इथं मित्र लघवीला उठला म्हणून कळलं.

काकाजींच्या पाटीचं डोक्यात होतं. हॉटेलमधून चहाचा प्लास्टिकचा ट्रे मागून घेतला, गच्चीतल्या लोखंडी टेबलावर ठेवला. पोराच्या कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी सोबत आणली होती. बुधवारी सकाळी सहाला पट्टी उभी घातली तर पूर्ण आत गेली, वरचा पंधराचा आकडासुद्धा दिसेना. मग बोटानं खूण करत दोनदा मोजलं : १९. झटकला, पुन्हा ठेवला. संध्याकाळी सहाला १२. एकूण ३१. अॅपचे २६ आणि २९ होते. आपल्या कुठल्याच जूनमध्ये मी एवढं जुळलेलं पाहिलं नाही.

हातात घेतला तर गोळा होत नव्हता, फुंकर मारली की उडत होता. पिंजलेला कापूस तो हाच, वरुडच्या भाऊंनी बरोबर सांगितलं होतं.

बुधवारी दिवसभर गंडोला बंद. गुरुवारी लख्ख ऊन, तरी दुसरा टप्पा बंदच, माथ्यावरून बर्फाचा धूर निघताना खालून दिसत होता. मुंबईची काही पोरं तिकीट खिडकीवर भांडत होती की ऊन असताना बंद का. वारा, ५५! मी त्यांना वही दाखवणार होतो, मित्रानं ओढून नेलं.

आमचं शिकणं मैदानातल्या उतारावर, त्याला गंडोला लागतच नाही. पहिला दिवस बूट घालण्यातच गेला. पुढं वाका, गुडघे वाकवा, टाचा बाहेर, एवढंच तो गुरुजी सांगत होता. नांगरावर रेटा द्यायला जसं वाकतो तसं वाकलो तेव्हा पहिल्यांदा थांबता आलं. पडलो किती ते मोजलं नाही.

आज सकाळची वेगळीच तऱ्हा. काल उन्हानं वरचा थर ओलावला, रात्री गोठला, नऊला गेलो तर काच झालेली. स्की खर्रर्र करत सरळ खाली. अकरा वाजता तोच उतार मऊ झाला. आता दुपारी म्हणे चिकट होईल. म्हणजे अंदाजात दिवसाचं तापमान शून्याच्या वर आणि रात्रीचं खाली असेल तर वेळ साधायची. हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

अजून एक. ४६ अंशांत वखरणी केलेला माणूस आहे मी, उन्हाचं काय भ्या, म्हणून क्रीम लावलं नाही. नाक सोललं. गुरुजी म्हणे ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, ऊन वरून पण आणि खालून पण. हनुवटीच्या खाली भाजलो आहे.

बोंडअळी · शुक्रवार, दुपारी १२:०५

फोटो टाका. नाकाचा.

ओलिताखाली · शुक्रवार, दुपारी ४:३०

भाऊ, मजा करा, पण एक काम आत्ताच करा. तुमच्याकडे बर्फ टाकून गेला तोच प्रक्षोभ पूर्वेकडे सरकलाय, आणि बंगालच्या उपसागरावरून ओला वारा मध्य भारतात शिरतोय. दोन्हींची गाठ विदर्भावर पडते आहे. अमरावती आणि अकोल्याला उद्या नारंगी, मेघगर्जना आणि एक-दोन ठिकाणी गारपीट. हरभरा सोंगून पडला असेल तर आज रात्रीच गोळा करून झाकायला सांगा. विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप सगळ्यांनी चालू ठेवा, झाडाखाली थांबू नका.

धुऱ्यावरचा · शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

दादाले फोन लावला. सोंगणी कालच झाली म्हणे, पेंड्या वावरात पसरलेल्या. चार माणसं घेऊन निघाला. दोन ताडपत्र्या आहेत, तिसरी शेजारच्या काकाजींकडून. ‘तिकडं बर्फात लोळून रायला अन् इकडचं आभाळ मले सांगून रायला’ म्हणे.

धुऱ्यावरचा · शनिवार, रात्री ८:५०

गंजी लागली, झाकली. दर्यापूरकडे नुसता वारा अन् चार थेंब. दादा आता म्हणते उगाच पळवलं. ताई, तुमच्या शिव्या आज माझ्या वाट्याला आल्या.

वरुडचा_संत्रा · शनिवार, रात्री ९:३५

‘एक-दोन ठिकाणी’ मधलं एक ठिकाण आमचं होतं. साडेपाचला गारा आल्या, सात-आठ मिनिटं. बोराएवढ्या, मधात काही लिंबाएवढ्या. संत्र्यानं अंबिया बहाराचा फुलोरा धरला होता, आता झाडाखाली पांढरं झालं आहे, अर्ध्या गारा अन् अर्धी फुलं. पोराची पट्टी घेऊन मोजलं. बांधाच्या कडेला चार सेंटिमीटर.

ओलिताखाली · शनिवार, रात्री ९:४८

दादा, पट्टी ठेवूनच फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे, वितळायच्या आत. विमा असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. सोमवारी मी मोर्शीला आहे, तिथून बागेत येते.

धुऱ्यावरचा · शनिवार, रात्री १०:०२

भाऊ, आम्ही मंगळवारी नागपूरला उतरतो. घरी जायच्या आधी वरुडवरून येतो. चौघं आहोत, पडलेल्या फांद्या उचलायला कामी येऊ.